गुणा मोतद्दाराची घोडी

ज्या वस्तीची ही गोष्ट आहे तिचं नाव मी सांगणार नाही. दिग्गीच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की पुढच्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन हजर व्हाल, येताना केळ्यांचा घड आणाल आणि जाताना फोटो काढून न्याल. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. मला त्यांची किळस येते, आणि ती लपवून गोड बोलण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

मी रामनगरचा. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, नोकरी आता संपत आली. या जोयड्याच्या डोंगरात अशी वस्ती नसेल जिथल्या म्हशीच्या पोटात मी कोपरापर्यंत हात घातला नाही. पू, जंत, सडलेली वार, सगळं या हातांनी काढलंय आणि हात धुऊन त्याच हातांनी भाकरी खाल्लीय. जनावराच्या घाणीचा मला कधी विटाळ वाटला नाही. माणसांनी मात्र मला वीट आणलाय.

गुणा याच वस्तीतला कुणबी. मिसरूड फुटायच्या वयात डोंगर उतरला आणि कुणाच्या तरी ओळखीने लांब दक्षिणेत पोलिसांच्या घोडदळात लागला. शिपाई म्हणून नव्हे, मोतद्दार म्हणून. शिपाई घोड्यावर असतो, मोतद्दार घोड्याखाली. पागा झाडायची, लीद उचलायची, खरारा करायचा, खुरांतली माती काढायची, तोंडाला चंदीचा तोबरा बांधायचा, आणि साहेब आला की लगाम त्याच्या हातात देऊन मागे सरायचं. सगळी उमेदीची वर्षं यातच गेली. खोगिरावर तो एकदाही बसला नाही. मी त्याला एकदा विचारलं होतं, कधी वाटलं नाही का बसावंसं? तर म्हणाला, "वर बसून काय दिसतंय? तिचे दोन कान. खालनं आख्खी घोडी दिसतीय."

अशा माणसाचं गावाने काय केलं? त्याचं नाव 'लीदवाला' ठेवलं. रजेवर आला की पोरंसोरं नाक दाबून हसायची. आपल्याकडे गाईच्या शेणाने अंगण सारवतात, देवघर सारवतात, मेल्यावर माणसाची जागासुद्धा शेणानेच सारवतात. पण घोड्याची लीद उचलणारा बाटगा! का, तर घोडं या डोंगरात कुणी कधी बाळगलेलं नाही. चढ, जळवा, वाघ, यांत घोडं टिकणार कुठे? त्यामुळे लिदेची पवित्रता अजून कुणी ठरवलेली नव्हती.

आता राखणदाराचं सांगायला हवं. वस्तीच्या सीमेवर एक उभा दगड आहे. तो राखणदार. पहाटे तो पांढऱ्या घोड्यावर बसून सीमेवरून फेरी मारतो, अशी इथली समजूत. टापा ऐकू आल्या की दार उघडायचं नाही, आतूनच हात जोडायचे. कार्तिकात नवं भात घरात आलं की प्रत्येक घराने त्याला एक रोट द्यायचा. रोट म्हणजे नव्या तांदळाच्या पिठाची तळहाताएवढी जाड भाकरी, आत गूळखोबरं. दगडापाशी ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं. ज्याचा रोट पोचला त्या घराला वर्षभर राखण. रोट मोडायचा नाही, अर्धा द्यायचा नाही. मोडका रोट दिला तर राखणही मोडते म्हणे. ते रोट रात्री डुकरं खातात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि या रांगेत गुणाच्या घरचा रोट सगळ्यांत शेवटी. घरात देवदेवक नव्हतं असं नाही. पण लीदवाल्याचा रोट आधी कसा ठेवायचा? त्याची बायको शांता वर्षानुवर्षं हातात रोट घेऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मी पाहिलंय. शी!

गुणाच्या हाताखालून कितीतरी घोडी गेली, पण त्याचा जीव शरावतीवर. शिंगरू म्हणून आली तेव्हा ती राखेच्या रंगाची होती. असली घोडी वयाबरोबर पांढरी होत जातात. ती पांढरी होत गेली आणि गुणाचे केसही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण गुणा सांगायला लागला की दिसायचं. पोलिसांच्या घोड्याला कसं तयार करतात, हेही त्यानेच सांगितलं. कानाशी पत्र्याचे डबे बडवायचे, पायांजवळ फटाके लावायचे, तोंडासमोर छत्री फटकन उघडायची, चारी बाजूंनी माणसांनी ओरडत अंगावर जायचं. घोडं उधळलं की पुन्हा पहिल्यापासून. जागचं हललं नाही की शाबासकी. शरावती यात सगळ्यांत पक्की. एकदा दंग्यात तिच्या गालावर दगड बसला, रक्त आलं, तरी तिने पाय उचलला नाही. लाथ मारायची नाही, चावायचं नाही, माणूस कितीही अंगाला भिडला तरी उभं राहायचं. हे तिच्या हाडात मुरलेलं.

तिथल्या एका साहेबाने देशोदेशीची पोलीस घोडी पाहिली होती. लंडनमध्ये म्हणे फुटबॉलचे प्रेक्षक घोड्यांनी आवरतात. कॅनडात लाल कोटवाले घोडेस्वार आहेत. आणि अशा कुठल्याशा देशात घोडी म्हातारी झाली की तिला हिरव्या कुरणात सोडून देतात, पाठीवर पुन्हा ओझं नाही, आणि ज्या शिपायाने तिच्यावर नोकरी केली तो सुट्टीच्या दिवशी गाजरं घेऊन तिला भेटायला जातो. साहेबाने गुणाच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ पाठवला होता. दोन म्हाताऱ्या घोड्या गवतात लोळतायत, बस्स, एवढंच. गुणाने तो मला इतक्या वेळा दाखवला की त्या घोड्या मी आता रस्त्यात ओळखीन.

आपल्याकडे म्हातारी घोडी वरातवाल्याच्या हाती लागते. मग डोक्यावर तुरा, पुढे बँड, पाठीवर जेवून तट्ट फुगलेला नवरदेव. शरावतीच्या पुढच्या पायात लंगड आली, तिला कामातून काढायचं ठरलं, त्याच सुमारास गुणाचीही नोकरी संपली. त्याने साहेबाच्या हातापाया पडून ती आपल्या नावावर करून घेतली. त्याला दुसरं काही नको होतं. तिने मरेपर्यंत गवत खावं, आणि पुन्हा कुणाच्या कामाला लागू नये. मला म्हणाला होता, "आमच्या डोंगरात गवत फुकट पडलंय, कंपौंडर. त्येंच्या कुरणापेक्षा चांगलं."

गवत फुकट पडलंय, खरं. गवताजवळ माणसंही फुकट पडलीयत, हे तो विसरला.

गणेशचवथीनंतर, पाऊस ओसरला तेव्हा तो तिला घेऊन आला. टेम्पो जिथवर येतो तिथवर टेम्पोने, पुढे चालत. पोचेपर्यंत अंधार पडला, कुणी पाहिलं नाही. सकाळी मात्र घोळ झाला. घोडदळात घोडी पहाटे फिरवतात. गुणाला सवय, शरावतीला सवय. तांबडं फुटायच्या आधी तो तिला सीमेच्या वाटेने फिरवून आला. खाली जांभा दगड, पायात लोखंडी नाल. टप, टप, टप. वस्तीतल्या घराघरांत माणसं उठून बसली आणि आतून हात जोडले. कुणी दार उघडलं नाही. उजाडल्यावर भीत भीत बाहेर आले तर सीमेच्या दगडापाशी पांढरं घोडं चरतंय!

लखू गावकार म्हणजे वस्तीचा मुखिया, देवाचं सगळं त्याच्या हाती. तो पुढे आला. त्याला गुणाने सरळ सांगितलं, "घोडी हाय, गावकारानू. पोलिसातली. म्हातारी झाली, म्हणून आणली."

"घोडी न्हवं, घोडा," गावकार म्हणाला. "राखणदाराला घोडी कशाला आसंल?"

जरा वाकून बघितलं असतं तर शंका फिटली असती. पण वाकला तो पाया पडायला. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर लाल कापडाची झूल आली, गुडघ्यापर्यंत लांब. थंडीसाठी नव्हे. देवाच्या घोड्याचं घोडीपण झाकायला. हे मला गुणानेच हसत हसत सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. हसणं तेवढ्यावरच संपलं.

मी तिला जंताचं औषध द्यायला गेलो तेव्हा ती अंगणात उभी होती. कपाळ कुंकवाने थापलेलं, डोळ्यांत हळद जाऊन पाणी वाहतंय, आयाळीत तेल ओतून चिकटा झालेला, त्यावर माश्या. पुढे नारळ फोडून फोडून चिखल. कुणी गूळ भरवतंय, कुणी चुरमुरे, कुणी पोटाला हात लावून तोंडावरून फिरवतंय. साधी घोडी असती तर दोन लाथा घालून मोकळी झाली असती. शरावती उभी. तिला वाटत असणार, ड्यूटी लागली.

"गुणादा," मी म्हटलं, "हिला कुरणात सोडायला आणलीस की देवळात बांधायला?"

गुणा पाटावर बसला होता. पाटावर! त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि गावकाराने दिलेला नारळ मांडीवर. तो म्हणाला, "मानसं काय वाईट न्हाईत, कंपौंडर. घासभर देत्यात, पाया पडत्यात. एवढ्या वर्सांनी 'गुणाबा, ये, बस' म्हणत्यात."

शांतावैनी आतून भांडी आपटत म्हणाल्या, "लखू गावकार घरात येऊन च्या पिऊन गेला, तवापासनं ह्येंचं पाय भुईला लागंनात. घोडीसाठी गवत मी कापून आणायचं, आनि ह्यें हितं बसून आशीर्वाद देनार!"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. जन्मभर शेवटी उभ्या केलेल्या माणसाला पुढे बसवलं की तो उठत नाही. गावाला हे बरोबर कळतं. तुडवायचं कसं ते कळतं, तसं चढवायचं कसं तेही कळतं. दोन्हींत माणसाचा चोथाच होतो.

आणि यात एकटी कुणबी वस्ती होती असं समजू नका. ती माणसं निदान भोळी. गणेशगुडीला काळी नदीत रबरी होड्यांतून बुचकळून झाल्यावर ज्यांना दुपारी काही उद्योग नसतो, ती शिकलेली मंडळी जीप भरून यायला लागली. अर्ध्या चड्ड्या, अंगाला ओल्या कपड्यांचा कुबट वास, हातात मोबाइल. घोडीच्या गळ्यात गळा घालून फोटो, वर तिला बिस्किटं, केळी, एकाने तर कुरकुरे. आमच्या रामनगरचे व्यापारी आले, दुकानाला बरकत मागून गेले. माझी सख्खी भाची श्वेता बेळगावात इंजिनिअर आहे. तिने येऊन शरावतीच्या शेपटीचे केस उपटले आणि गाडीत बांधले, दृष्ट लागू नये म्हणून. मी म्हटलं, "अगं, शेपटी माश्या हाकलायला असते." तर म्हणते, "मामा, तुमची श्रद्धा नाही, म्हणून तुम्ही असे." तिच्या घरचं पाणी मी त्या दिवसापासून प्यालो नाही. दोन महिन्यांत शेपटीचा नुसता दांडका उरला.

गुणाने काहीच केलं नाही असंही नाही. तो 'गूळ चिमूटभरच' म्हणून ओरडायचा. लोक त्याच्यासमोर चिमूटभर द्यायचे आणि तो वळला की मूठभर. संध्याकाळी तो तिचं अंग पुसायचा, डोळे धुवायचा, खरारा करायचा. तेव्हा तो जुना गुणा असायचा. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणायचा, "ह्ये पंधरा दीस जाऊ देत. मग लोकांचं वेड उतरंल आनि तुला वरच्या सड्यावर सोडतो." सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं माळरान. गवत तिथं कमरेएवढं. ती त्या सड्यावर एकदाही गेली नाही.

कार्तिकात रोटाचा दिवस आला. मी त्या सकाळी गुरांना लस टोचायला वस्तीतच होतो. पाहतो तर दगडापुढे या खेपेला कुणी रोट ठेवत नव्हतं. राखणदाराचा घोडा हजर असताना दगडापुढे कशाला ठेवायचा? त्याच्याच तोंडात द्यायचा! सगळी वस्ती केळीच्या पानात रोट झाकून रांगेत उभी, आणि पुढे झूल घातलेली शरावती, तिची दोरी गुणाच्या हातात.

लखू गावकार मोठ्याने म्हणाला, "गुणाबा, पयला रोट तुज्या घरचा."

शांतावैनी मागेच उभ्या होत्या, सवयीने. त्यांना बायकांनी ढकलत पुढे आणलं. गुणाने पान उघडलं. त्याला कळत होतं. घोड्याला कच्चंपक्कं पीठ किती वाईट हे त्याला नाही कळणार तर कुणाला? त्याने हळूच विचारलं, "मोडून तुकडा देऊ?"

"रोट मोडत न्हाईत, गुणाबा."

त्याने गावकाराकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. आणि दिला. आख्खा. शरावतीने तो त्याच्या हातून अलगद घेतला, दात न लागू देता.

मग गावकाराचा. मग त्याच्या भावाचा. मग पुढचा. तिने घ्यायचं नाकारलं की लोक ओठ फाकवून आत ढकलत. "बास!" गुणा ओरडला. "आता बास. ऱ्हायल्याली उद्या, परवा."

गावकार शांतपणे म्हणाला, "बरं. मग ह्यातल्या कुनाच्या घराला राखण द्यायची न्हाई, त्ये तूच सांग."

रांगेत बाळंतीण होती, तापाने फणफणलेल्या पोराचा बाप होता, म्हातारी माणसं होती. सगळे गुणाकडे बघत राहिले. तो कुणाचं नाव घेणार? त्याने दोरी पुन्हा नीट धरली. मी लशीची पेटी टाकून मध्ये घुसलो आणि ओरडलो, "मरेल ती! पोट फुटून मरेल!" तर एका बाईने मला हाताने मागे लोटलं. "सनाच्या दिवशी शुभ बोला, कंपौंडर." आणि रोट जात राहिले. शेवटच्या घरापर्यंत.

दुपारी शरावतीने पुढच्या पायाने भुई खणायला सुरुवात केली. मान वळवून वळवून पोटाकडे बघायची. अंगावरून घाम निथळायला लागला, मग ती खाली पडली, लोळली, उठली, परत पडली. मी खाली जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी दुखण्यावर सुई दिली, पोटातलं बाहेर काढायला नाकातून नळी घातली. नळीत खळीसारखा लगदा येऊन बसला, आणि नळी तुंबली. पुन्हा घातली, पुन्हा तुंबली. मी आणि गुणा तिला धरून फिरवत होतो. आणि बाहेर वस्ती काय करत होती? कुणाचा तरी रोट राहिला म्हणून राखणदार कोपला, असं ठरवून हिशोब लावत होती. तेवढ्यात एकजण नवा रोट भाजून घेऊन आला. गरम गरम. मी तो त्याच्या हातातून हिसकावला आणि त्याच्या तोंडावर फेकला. त्याबद्दल माझी तक्रार झाली, होवो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. गुणाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. श्वास पुरता थांबला नव्हता तोवर मागच्या बाजूला पक्कड घेऊन कुणीतरी नाल उपटत होतं. नाल दाराला ठोकली की घरात बाधा येत नाही म्हणे. मी म्हशीच्या पोटातलं मेलेलं रेडकू तुकड्यातुकड्याने काढलेला माणूस. तरी मी तोंड फिरवलं.

तिला दगडाजवळच पुरली. महिन्याभरात वर घुमटी उभी राहिली, पांढरा चुना, लाल झेंडा. आत सिमेंटचा घोडा. घोडाच. आणि पुजारी कोण, तर गुणा. मी पुढल्या खेपेला गेलो तर तो सोवळं नेसून घुमटीच्या पायरीवर बसलेला. माझं डोकं फिरलं. मी त्याला नको नको ते बोललो. तिला मारलीत ती मारलीत, वर तिच्या मढ्यावर पाट मांडून बसलास, थू तुझ्या जिण्यावर, असंसुद्धा म्हणालो. शांतावैनींनी मला पाणीही विचारलं नाही. मी रागारागाने उतरलो आणि वर्षभर त्या वाटेला फिरकलो नाही.

यंदा कार्तिकात वैनींचाच निरोप आला. "रोटाला ये. ह्येंचं काय तरी चाललंय. दोन दीस जेवलं न्हाईत." गेलो. तशीच रांग, तशीच केळीची पानं, यंदा खालून जीपही आलेल्या. घोडा सिमेंटचा, तो काही खात नाही. रोट घुमटीत ठेवायचे असं ठरलं होतं. पण पहिला रोट आला तसा गुणा पायरीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "हितं द्या. मी खातो."

लोक हरखले. पुजारी देवाच्या वतीने जेवणार! त्याने पहिला रोट खाल्ला, आख्खा. दुसरा खाल्ला. तिसरा तोंडात कोंबताना त्याचे डोळे बाहेर यायला लागले. मी पुढे गेलो तर त्याने हाताने मला थांबवलं. वैनी रडत होत्या, "पुरं करा, पाया पडते." तो गिळत राहिला. पीठ छातीत अडकत होतं, तो मुठीने छाती बडवत होता, घाम निथळत होता. आणखी एक. आणखी एक. रांगेतली माणसं कौतुकाने बघत होती आणि पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होती.

मग तो ओकला. सगळं. पायरीवर, धोतरावर, समोर उभ्या असलेल्यांच्या पायांवर. पांढरा चिकट लगदा, खोबऱ्याचे तुकडे, एका दमात नाही, राहून राहून. सगळीकडे आंबूस वास सुटला.

तोंड पुसून तो धापा टाकत म्हणाला, "बघितलंसा? मानसाला ओकारी येते. मी ओकलो, मी जगलो. घोड्याला ओकता येत न्हाई. पोटात गेल्यालं परत वर येत न्हाई तिच्या. मला ठावं हुतं. तरी पयला रोट मी घातला, आनि मागनं तुमी घातलासा. आपुन मारलं तिला. आपुन समद्यांनी मारलं."

रांगेतल्यांनी खांद्यावरची पोरं खाली उतरवली. मला वाटलं, पोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या डोंगरात एखादी गोष्ट माणसांच्या डोक्यात पोचली. मी गुणादाकडे पाहिलं आणि मागच्या वर्षी त्याला बोललेला शब्द न् शब्द मला टोचला.

तेवढ्यात मागून एक बाई किंचाळली, "आंगात आलं! राखणदार आला!"

झालं! सगळी रांग गुडघ्यांवर. जीपमधल्यांचे मोबाइल वर. लखू गावकार हात जोडून पुढे आला, डोळ्यांतून पाणी, आणि लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "देव बोलला, ऐकलंसा? म्हणतोय, माजा घोडा तुमी मारला. देव पायी फिरतोय, लोकानू! पुढल्या कार्तिकाच्या आत त्येला दुसरा घोडा आनून द्यायला पायजे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

गुणा पायरीवरून खाली कोसळला. त्याने गावकाराचे पाय धरले. "आनू नकासा," तो रडत म्हणाला, "तुमच्या पाया पडतो, दुसरं आनू नकासा." देव आपल्या पाया पडतोय हे पाहून गावकार घाबरला आणि तोही गुणापुढे आडवा झाला. त्या ओकारीच्या थारोळ्यात दोघं एकमेकांसमोर कपाळं टेकून पडलेले. एक रडत 'नको' म्हणतोय, दुसरा रडत 'आणतो, आणतो' म्हणतोय, आणि वरून फुलं पडतायत.

मी थुंकलो. मग वैनींना म्हटलं, "पाणी आणा," आणि त्याला उचलायला खाली वाकलो.